रोज ठराविक वेळी सर्व्हर अडतो: सीपीयू आणि मेमरी खाणारी प्रोसेस कशी पकडायची

सकाळी सगळं सुरळीत असतं. अकराच्या आत कधीतरी स्क्रीनवरचं चक्र फिरायला लागतं, फोन सुरू होतात, कुणीतरी सर्व्हर रीस्टार्ट करतं आणि थोड्या वेळात काम मार्गी लागतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सर्व्हर एखाद्या वेळी बंद पडला तर अपघात म्हणून सोडून देता येतं. रोज त्याच सुमाराला किंवा दर महिन्याच्या त्याच तारखांना अडत असेल, तर त्यामागे नेमकं काहीतरी असतं आणि ते शोधता येतं. एवढं असूनही ते महिनोन्‌महिने सापडत नाही, कारण आपण लॉगिन करेपर्यंत मूळ प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) आपलं काम आटोपून निघून गेलेली असते. यादीत वर दिसते ती तिच्यामुळे अडकून पडलेली दुसरीच कुणीतरी.

इथलं सगळं लिनक्ससाठी, उबंटू किंवा डेबियन धरून लिहिलंय. कमांड उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये नेहमीच्या छोट्या रोमन अक्षरांत टाकायच्या. कॅपिटल अक्षर लागतं तिथे तसं सांगितलंय. कमांडमधलं 'उणे' म्हणजे लहान आडवी रेघ, आणि 'व्हार-लॉग'सारख्या डिरेक्टरीच्या वाटेतली रेघ म्हणजे तिरकी रेघ.

कुठे घडलं

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली एक फौंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना. चलान, जॉबवर्कचे गेटपास, स्क्रॅप आणि पिग आयर्नची आवक, हीटनुसार (भट्टीच्या एकेका ओतीनुसार) कास्टिंगच्या नोंदी, सगळं एकाच ईआरपीवर, म्हणजे कारखान्याचा व्यवहार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर. ईआरपी पीएचपीतलं, मागे मायएसक्यूएल हा डेटाबेस, पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर. सर्व्हर क्लाउडवर भाड्याने घेतलेला: ४ कोअर, ८ जीबी रॅम. तक्रार यायची ती स्टोअरमधून. "सर, नुसतं गोल फिरालंय बघा. चलान निघंना झालंय आणि गाडी गेटवर थांबलीय."

लॉगिन करून टॉप (चालू प्रोसेस दाखवणारी कमांड) लावावा तर सगळ्यात वर मायएसक्यूएल, त्याखाली पीएचपी-एफपीएमची, म्हणजे ईआरपीच्या एकेक रिक्वेस्ट हाताळणाऱ्या वर्कर प्रोसेसची, लांबलचक रांग. रॅम संपलेली, स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) भरत आलेला. कधी कधी तर मायएसक्यूएल नुकतंच आपोआप पुन्हा सुरू झालेलं. बघणारा कुणीही म्हणेल, डेटाबेस जड झालाय, रॅम वाढवा. १६ जीबीच्या प्लॅनचं कोटेशनही तयार होतं. रॅम वाढवली असती तर दुखणं थांबलं नसतं, फक्त रोज थोडं उशिरा जाणवलं असतं आणि भाडं मात्र कायमचं वाढलं असतं.

रीस्टार्टच्या आधीची दोन मिनिटं

रीस्टार्ट करू नका असं सांगणं सोपं आहे. गेटवर भरलेला ट्रक उभा असताना कुणी ऐकणार नाही आणि ऐकूही नये. पण रीस्टार्ट म्हणजे पंचनाम्याच्या आधीच जागा धुऊन काढणं. म्हणून एक छोटी शेल स्क्रिप्ट आधीच करून ठेवा आणि रीस्टार्टच्या आधी ती चालवायची सवय लावा. तिने तारीख-वेळेच्या नावाची फाइल करून त्यात इतकं ओतायचं: डेट, अपटाइम, फ्री उणे एम, व्हीएमस्टॅट १ १०, बॅच मोडमधला टॉप, मेमरीनुसार लावलेली पीएस कमांडची पहिली वीस ओळींची यादी आणि मायएसक्यूएलची 'शो फुल प्रोसेसलिस्ट'. शेवटची गोष्ट हमखास विसरली जाते आणि पुढे तिचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो. डेटाबेसच्या आत कोण कुणासाठी थांबलंय हे टॉपला कधीच कळत नाही.

रीस्टार्टही जमेल तिथे अख्ख्या मशिनचा न करता अडलेल्या सर्व्हिसचाच करा. आणि मशीन रीस्टार्ट झालं तरी कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) संदेश टिकावेत म्हणून व्हार-लॉगच्या खाली 'जर्नल' नावाची डिरेक्टरी आहे का ते एकदा पाहून घ्या. ती नसेल तर सिस्टमडीचं (सर्व्हिसेस चालवणाऱ्या व्यवस्थेचं) जर्नल फक्त मेमरीत राहतं आणि रीस्टार्टबरोबर पुसलं जातं. असेल तर जर्नलसीटीएल उणे के उणे बी उणे १ अशी कमांड देऊन मागच्या बूटमधले कर्नलचे संदेश वाचता येतात. त्यात 'आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस' अशी ओळ दिसली, तर मायएसक्यूएल आपणहून पडलं नव्हतं, कर्नलने त्याला मारलं होतं. रॅम संपल्यावर कर्नल कुणाचा बळी द्यायचा ते प्रत्येक प्रोसेसच्या गुणांवरून ठरवतो आणि हे गुण मुख्यतः त्या प्रोसेसने किती मेमरी धरलीय यावर असतात. म्हणजे सगळ्यात मोठी प्रोसेस जाते. डेटाबेसच्या सर्व्हरवर सगळ्यात मोठा असतो डेटाबेसच, मग दोष कुणाचाही असो.

टॉप वाचताना होणारी गफलत

टॉप उघडला की बहुतेकांचा डोळा थेट टक्केवारीच्या रकान्यावर जातो. त्याआधी वरच्या चार-पाच ओळी वाचा.

लोड ॲव्हरेज म्हणजे काम करत असलेल्या किंवा वाट बघणाऱ्या प्रोसेसची संख्या; त्याचे तीन आकडे म्हणजे १, ५ आणि १५ मिनिटांची सरासरी. ४ कोअरच्या मशिनवर ४ च्या आसपास लोड म्हणजे मशीन पूर्ण कामाला लागलंय. १२ असेल तर रांग लागलीय. पण लिनक्समध्ये हा आकडा निव्वळ सीपीयूचा नाही. डिस्ककडून उत्तर यायची वाट बघत अडकलेल्या, म्हणजे 'डी' अवस्थेतल्या प्रोसेसही त्यात धरल्या जातात. १९९३ पासून हे असंच आहे. त्यामुळे लोड ३० आणि सीपीयू मोकळा, असं चित्र दिसू शकतं आणि तिथे सीपीयू वाढवून काडीचा फरक पडत नाही.

सीपीयूच्या ओळीत चार अक्षरजोड्या महत्त्वाच्या. 'यूएस' म्हणजे प्रोग्रामचं स्वतःचं काम, 'एसवाय' म्हणजे कर्नलचं, 'डब्ल्यूए' म्हणजे डिस्कपायी वाया गेलेली वाट पाहणी, आणि 'एसटी' म्हणजे तुमच्या व्हर्च्युअल मशिनला मिळायला हवा होता पण मूळ यंत्राने दुसऱ्याला देऊन टाकलेला वेळ. एसटी सतत वर असेल तर तुमच्या प्रोसेस तपासण्यात वेळ घालवू नका, होस्टिंगवाल्याशी बोला किंवा प्लॅन बदला.

आता टक्केवारी. एका प्रोसेससमोर ३१० टक्के दिसलं की काहीजण दचकतात. टॉपमध्ये १०० टक्के म्हणजे एक कोअर, त्यामुळे ४ कोअरवर ४०० पर्यंत आकडा जाऊ शकतो. कॅपिटल आय दाबलंत की तोच आकडा सगळ्या कोअरच्या हिशोबात दिसतो. १ दाबला की प्रत्येक कोअर वेगळा दिसतो, आणि हे पाहायलाच हवं, कारण चारपैकी एकच कोअर शंभरावर अडकलेला असेल तर एकूण आकडा जेमतेम २५ दिसतो आणि सगळं आलबेल वाटतं. कॅपिटल एम दाबलंत की मेमरीनुसार क्रम, कॅपिटल पी दाबलंत की सीपीयूनुसार, छोटा सी दाबलात की पूर्ण कमांड. पूर्ण कमांड नेहमी बघा. नुसतं 'पीएचपी' किंवा 'पायथन' या नावावरून काहीच बोध होत नाही, कुठली फाइल चाललीय हे कळलं पाहिजे.

पीएसची गोष्ट वेगळी. पीएसमध्ये दिसणारा सीपीयूचा टक्का आत्ताचा नसतो, ती प्रोसेस सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. महिनाभर चालू असलेलं मायएसक्यूएल या क्षणी तीन कोअर खात असेल, तरी पीएस शांतपणे ५-६ टक्के दाखवेल. उलट आत्ताच सुरू झालेली छोटीशी कमांड ९८ टक्के घेऊन यादीत वर बसेल. इंटरनेटवरच्या अर्ध्याअधिक 'जास्त सीपीयू खाणाऱ्या दहा प्रोसेस' छापाच्या युक्त्या पीएसवर उभ्या आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. क्षणाचं चित्र हवं असेल तर पिडस्टॅट उणे यू १ वापरा. किंवा बॅच मोडमधल्या टॉपच्या दोन चौकटी काढा आणि दुसरीच वाचा. व्हीएमस्टॅटचंही तसंच, त्याची पहिली ओळ बूटपासूनच्या सरासरीची असते, ती सोडून द्यायची.

मेमरीचे आकडे

फ्री कमांडमध्ये 'फ्री'च्या खाली दोनशे एमबी दिसले म्हणून घाबरायचं कारण नाही. रिकामी रॅम लिनक्स फाइलींच्या कॅशसाठी वापरतो आणि गरज पडली की परत देतो. पाहायचा रकाना 'अव्हेलेबल'. तो खाली खाली जात असेल आणि व्हीएमस्टॅटमधले 'एसआय' आणि 'एसओ' (स्वॅपमधून आत आणि स्वॅपकडे बाहेर) सतत हलत असतील, तर मेमरीची टंचाई खरी आहे. स्वॅप भरलेला आहे पण हे दोन्ही आकडे शून्य आहेत, म्हणजे कधीतरी पूर्वी काहीतरी बाहेर ठेवलं गेलं आणि आता त्याचा त्रास नाही.

प्रोसेससमोरचा 'व्हीआयआरटी' हा आकडा दुर्लक्षित केला तरी चालतो. प्रोसेसने मागून ठेवलेली पण न वापरलेली जागाही त्यात असते. 'आरईएस' बघा. पण आरईएसची बेरीज करताना जपून. पीएचपी-एफपीएमच्या सगळ्या वर्करमध्ये ओपकॅशचा (पीएचपीच्या तयार कोडच्या साठ्याचा) भाग सामायिक असतो आणि तो प्रत्येकाच्या आरईएसमध्ये पुन्हा पुन्हा मोजला जातो. बेरीज कधी कधी मशिनमधल्या रॅमपेक्षा जास्त निघते ती त्यामुळेच. वाटून आलेला खरा आकडा पाहायचा तर 'स्मेम' नावाचं छोटं साधन टाका आणि त्यातला पीएसएस हा रकाना घ्या.

आपण नसताना पहारा

फोन आल्यावर लॉगिन करून खरा दोषी सापडणं हा नशिबाचा भाग. त्यामुळे मशीनवरच नोंद होत राहिली पाहिजे. यासाठी दोन गोष्टी पुरतात, त्यासाठी मोठ्या मॉनिटरिंगचा थाट लागत नाही.

पहिली सिसस्टॅट. तिच्यातली 'सार' ही कमांड दिवसभराचा सीपीयू, मेमरी, लोड, डिस्क दाखवते. उबंटूच्या जुन्या आवृत्त्यांवर नुसतं इन्स्टॉल करून भागत नाही, ईटीसी-डिफॉल्टखालच्या 'सिसस्टॅट' फाइलमध्ये 'एनेबल्ड'समोर 'ट्रू' करावं लागतं. महिन्याभराने 'सार' रिकामं निघतं ते एवढ्यासाठी. पण सार एकूण मशिनचं सांगतं, कुठली प्रोसेस ते सांगत नाही.

त्यासाठी दुसरी, एटॉप. ही प्रत्येक प्रोसेसची नोंद ठेवते आणि जुना दिवस उघडून क्षणाक्षणाने पुढे-मागे जाऊ देते. एटॉप उणे आर आणि त्या दिवसाची फाइल दिली की त्या दिवशीचा स्क्रीन समोर येतो. छोट्या टीने पुढे, कॅपिटल टीने मागे, आणि बी दाबून थेट हव्या त्या वेळेला जाता येतं. मूळ अंतर १० मिनिटांचं, ६०० सेकंद असतं. काही मिनिटांच्या दुखण्यासाठी ते फार विरळ. ईटीसी-डिफॉल्टखालच्या एटॉपच्या फाइलमध्ये लॉगइंटरव्हल ६० करा आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा. फाइली मूळ सेटिंगने २८ दिवस राहतात, तेव्हा डिस्क लहान असेल तर दिवसही कमी करा. पहारेकऱ्यानेच डिस्क भरली तर हसं होईल.

सोमवार

फौंड्रीच्या सर्व्हरवर दोन्ही लावलं आणि आठवडा जाऊ दिला. सारमध्ये साडेदहा-अकराच्या सुमाराला काहीतरी उंच दिसेल अशी अपेक्षा होती. तिथे सपाट. उंचवटा होता पहाटे ५ वाजता. पहिल्या नजरेत वाटतं, हा तर रात्रीचा बॅकअप, याचा दिवसाच्या तक्रारीशी काय संबंध? मग 'डेट' कमांड दिली. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे सर्व्हरचे पहाटेचे ५ म्हणजे आपले सकाळचे साडेदहा. ऑफिस गजबजलेलं, पहिल्या पाळीचा माल बाहेर पडत असलेला, चलानची घाई. कुणीतरी क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सेवेत) भल्या पहाटेची वेळ म्हणून ५ लिहिले होते आणि क्रॉनने ते आपल्या घड्याळाने इमानेइतबारे पाळले. ईआरपीच्या स्क्रीनवर वेळ भारतीयच दिसायची, कारण पीएचपीचा टाइमझोन वेगळा सेट केलेला असतो. त्यामुळे कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं.

एवढ्यावरही बॅकअपच दोषी, असं म्हणता येत नाही. त्याच वेळेला कामाची गर्दीही असते. पण या कारखान्याला साप्ताहिक सुट्टी सोमवारी, आणि एटॉपमधला सोमवार इतर दिवसांच्या शेजारी ठेवला तेव्हा चित्र स्पष्ट झालं. सोमवारीही ५ वाजता मायएसक्यूएलडंप (डेटाबेसची प्रत काढणारा) आणि जीझिप (ती दाबून लहान करणारा) वर होते. जीझिपने एक कोअर पूर्ण धरलेला, डिस्कवर तेवढंच वाचन. पण मेमरी जागच्या जागी. स्वॅपला धक्का नाही, एफपीएमचे वर्कर नेहमीइतकेच. मंगळवारी तीच वेळ, तोच डंप, आणि वर्कर दर मिनिटाला वाढत चाललेले, मेमरी भरत चाललेली. म्हणजे बॅकअप मेमरी खात नव्हता. तो लोकांना थांबवत होता, आणि थांबलेले लोक मेमरी खात होते.

थांबवत कसा होता ते 'शो फुल प्रोसेसलिस्ट'च्या जपून ठेवलेल्या फाइलमध्ये होतं. डझनभर इन्सर्ट आणि अपडेट 'वेटिंग फॉर टेबल मेटाडेटा लॉक' या एकाच अवस्थेत. मायएसक्यूएलडंप मूळ सेटिंगने प्रत्येक डेटाबेसमधली टेबलं वाचनासाठी कुलूपबंद करतो आणि डंप पुरा होईपर्यंत त्यांत कुणाला लिहू देत नाही. चलान सेव्ह करणारी रिक्वेस्ट अडली की तिचा एफपीएम वर्कर अडकला. स्टोअरकीपरने वैतागून पुन्हा बटण दाबलं की आणखी एक. चलान नुसतं बघणारा सुटत होता, लिहिणारा अडकत होता, म्हणून अकाउंट्समधल्या काहींचं "आमचं चालू आहे की" असंही चालायचं.

आता आकडे जुळतात. मायएसक्यूएलचा बफर पूल (डेटा मेमरीत धरून ठेवण्याची जागा) ४ जीबी, इतर मिळून ते साडेचारच्या आसपास. एक एफपीएम वर्कर पीएसएसच्या हिशोबाने ९० एमबी. एरवी दहाएक वर्कर, म्हणजे एक जीबीच्या आत, सगळं मावतं. पण पीएम मॅक्स चिल्ड्रनची, म्हणजे वर्करच्या कमाल संख्येची, मर्यादा ५० ठेवलेली. पन्नास भरले की साडेचार जीबी. साडेचार आणि साडेचार नऊ, मशीन आठचं. मग स्वॅप, मग डिस्कवर आणखी ताण, मग डंपही रेंगाळतो, कुलूप आणखी लांबतं, आणि शेवटी कर्नल मायएसक्यूएलला मारतो. ते परत उठतं तेव्हा त्याचा बफर पूल रिकामा, प्रत्येक क्वेरी डिस्कवर, त्यामुळे पुढचा काही वेळही संथच. लोकांच्या लेखी मात्र "रीस्टार्ट केल्यावर चालतंय".

काय बदललं

डंपला उणे-उणे सिंगल-ट्रान्झॅक्शन हा पर्याय दिला. इनोडीबी या इंजिनच्या (टेबल साठवण्याच्या पद्धतीच्या) टेबलांचं तो एका क्षणाचं चित्र धरतो आणि कुणाला लिहिण्यापासून अडवत नाही. खरा उपाय हाच. टेबलांचं इंजिन आधी तपासा. जुन्या ईआरपीत एखाद-दुसरं मायआयसॅमचं टेबल निघतं आणि त्याला या पर्यायाचा फायदा नाही, ते इनोडीबीत बदलून घ्यायला हवं. डंप चालू असताना टेबलाची रचना बदलणारं काही चालवू नये, हेही डेव्हलपरला सांगून ठेवा.

वेळ बदलली. आपले पहाटेचे ५ म्हणजे यूटीसीचे आदल्या रात्रीचे २३:३०. क्रॉनमध्ये मिनिट ३०, तास २३. आठवड्याच्या वाराचं बंधन घालत असाल तर वारही एक मागे सरकतो, आपल्या रविवारच्या पहाटेसाठी तिथे शनिवार लिहावा लागतो. सर्व्हरचा टाइमझोनच आशिया/कोलकाता करून टाकायचा मोह होईल. नव्या सर्व्हरवर खुशाल करा. चालू सर्व्हरवर नको, कारण मायएसक्यूएल बहुधा सिस्टमचीच वेळ घेतं आणि ईआरपीत कुठेतरी डेटाबेसची 'नाऊ' (आत्ताची वेळ) वापरलेली असेल, तर जुन्या आणि नव्या नोंदींत साडेपाच तासांची फट पडेल. ती निस्तरणं बॅकअपपेक्षा महाग.

वेळ बदलली म्हणजे सुटलो असं मात्र समजू नका. साखर कारखान्याच्या गाळप हंगामात काट्यावर चोवीस तास गाड्या येत असतात. तिथे निवांत वेळ नावाचा प्रकारच नसतो. कुलूप काढणं आधी, वेळ नंतर.

कमांडच्या आधी 'नाइस उणे एन १९' लावलं, म्हणजे सीपीयूसाठी झटापट झाली तर जीझिप मागे राहील. 'आयओनाइस'ही लोक लावतात, पण त्याचा परिणाम डिस्कच्या शेड्युलरवर अवलंबून असतो आणि क्लाउडच्या डिस्कवर तो बऱ्याचदा जाणवत नाही. जीझिप एकाच कोअरवर चालतो म्हणून कुणी 'पिगझी' (पीआयजीझेड) सुचवेल. तो सगळे कोअर घेतो. लवकर संपेल, पण तेवढा वेळ सगळ्यांना अडवून. इथे संथपणाच बरा. आणि 'एफलॉक उणे एन' लावलं, म्हणजे कालचा बॅकअप अजून चालू असेल तर आजचा सुरूच होणार नाही.

मॅक्स चिल्ड्रन ५० वरून २५ वर आणलं. हिशोब साधा: ८ जीबीतून मायएसक्यूएलचे साडेचार आणि सिस्टमसाठी एक वजा केला की उरतात अडीच, त्याला ९० एमबीने भागा. सत्तावीस येतात, पंचवीस ठेवा. "मर्यादा कमी केली तर लोक थांबतील ना?" असं विचारणारे भेटतात. थांबतील, दाराबाहेर थांबतील. आत घेऊन सगळ्यांचा जीव घेण्यापेक्षा ते बरं. एफपीएमचा स्लोलॉगही चालू केला, पाच सेकंदांच्या वर लागणारी रिक्वेस्ट पीएचपीच्या नेमक्या कुठल्या ओळीवर अडलीय ते तो लिहून ठेवतो.

या सगळ्यात बॅकअप खरंच परत उघडतो का, तेही एकदा दुसऱ्या मशिनवर रीस्टोअर करून पाहून घेतलं. तुम्हीही घ्या.

तुमचं दुखणं वेगळं असेल तर

गर्दी खरीच असू शकते. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडतीच्या सर्व्हरवर असंच व्हायचं. सौदे आटोपले की सगळे एकदम शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशोबाच्या पावत्या) काढायला बसतात. तिथे एटॉपमध्ये मायएसक्यूएलच वर होतं आणि खरोखर तेच काम करत होतं. फक्त वायफळ. मायएसक्यूएलचा स्लो क्वेरी लॉग लावा, त्याची मूळ मर्यादा १० सेकंदांची असते, ती १ करा. पट्टीची क्वेरी मालाच्या आवकेचं अख्खं टेबल चाळत होती, कारण शेतकऱ्याच्या खाते क्रमांकावर इंडेक्सच (शोध जलद करणारी सूची) नव्हता. हंगामाच्या सुरुवातीला टेबल लहान, त्यामुळे कुणाला कळलं नाही.

मेमरी दिवसागणिक थोडी थोडी चढत असेल आणि सर्व्हिस रीस्टार्ट केल्यावर एकदम उतरत असेल, तर ती गळती. प्रोग्राम दुरुस्त होईपर्यंत पीएम मॅक्स रिक्वेस्ट्स ५०० ठेवा, म्हणजे प्रत्येक वर्कर तेवढी कामं करून मोकळा होतो आणि नवा येतो. अशा ठिकाणी ठरवून केलेल्या रीस्टार्टला मी नावं ठेवत नाही.

लोड प्रचंड, सीपीयू मोकळा, प्रोसेस 'डी' अवस्थेत: डिस्क किंवा नेटवर्कवरून जोडलेलं स्टोरेज बघा. अशा प्रोसेसला किल उणे ९ देऊनही सहसा काही होत नाही, ती स्टोरेजच्या उत्तराची वाट बघत बसते.

'केस्वॅपडी०' यादीत वर दिसला म्हणून त्याच्या मागे लागू नका. तो कर्नलचा आहे, मेमरी कमी पडतेय म्हणून धावपळ करतोय. पण एक तपासा. कर्नलच्या खऱ्या थ्रेडचं नाव पीएसमध्ये चौकटी कंसात येतं आणि प्रॉकखालच्या त्याच्या क्रमांकाच्या डिरेक्टरीतली 'एक्झी' ही लिंक कुठल्याच फाइलकडे जात नाही. जात असेल, विशेषतः टीएमपीकडे (तात्पुरत्या फाइलींच्या जागेकडे) किंवा पुसलेल्या फाइलकडे, तर कर्नलचं सोंग घेतलेला क्रिप्टो मायनर (तुमच्या मशिनवर चोरून क्रिप्टो चलन खणणारा प्रोग्राम) आहे. 'केडेव्हटीएमपीएफएसआय' आणि 'किनसिंग' ही नावं दिसली तरी तेच. मारलात की मिनिटाभरात परत येतो, कारण क्रॉनमध्ये त्याची ओळ असते. पासवर्डविना बाहेर उघडा ठेवलेला रेडिस (मेमरीत चालणारा डेटाबेस) ही त्यांची आवडती वाट. साफसफाईत वेळ घालवू नका, डेटा काढून नवा सर्व्हर उभा करा आणि सगळ्या किल्ल्या बदला.

प्रोसेस मारायचीच झाली तर आधी नुसतं किल, म्हणजे सिग्नल १५. तिला फाइली बंद करायला वेळ द्या. डेटाबेसवर उणे ९ हे अगदी शेवटचं शस्त्र. त्यानंतरची रिकव्हरी किती वेळ घेईल ते तुमच्या हातात राहत नाही. एखादी प्रोसेस नेहमीच हावरी असेल तर तिच्या सिस्टमडी सर्व्हिसमध्ये 'मेमरीमॅक्स' आणि 'सीपीयूकोटा' घाला. कोट्यातही १०० टक्के म्हणजे एक कोअर. मेमरीमॅक्स ओलांडला की त्या सर्व्हिसमधलीच प्रोसेस मरते, शेजारचा मायएसक्यूएल नाही.

एवढं करूनही पत्ता लागत नसेल आणि कुणाला विचारायचं असेल, तर टॉपचा एक स्क्रीनशॉट पाठवून "स्लो आहे" एवढंच लिहू नका. अडचणीच्या दिवसाची आणि सुट्टीच्या दिवसाची एटॉपची फाइल, त्या वेळची प्रोसेसलिस्ट, 'फ्री उणे एम', कर्नलच्या लॉगमधल्या मेमरीच्या ओळी, आणि 'डेट'चं उत्तर, हे सगळं एकत्र द्या. डेटाबेसचे पासवर्ड प्रोसेसच्या पूर्ण कमांडमध्ये दिसतात कधी कधी. पाठवण्याआधी ते तेवढे झाका.